आइलर्टला बोलावणं

ग्रोहोल्म बेट
८ डिसेंबर १९५८

चि. मार्गिटला ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आईचा गुडघा दुखतोय, तरी तू तेवीस तारखेच्या बोटीने येणार म्हणून तिने सगळे पडदे धुवायला काढलेत. तू बर्गनच्या धुलाईखान्यात दिवसभर तेच करतेस, म्हणून इथे तुला काडीचं काम सांगायचं नाही, अशी तिने मला तंबी दिली आहे. मी सांगणार आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल देवळातून येताना दुकानात डोकावले, तर गल्ल्याखाली आइलर्टचा कुत्रा बांधलेला. दुकानदार म्हणाला, आइलर्ट शनिवारी आला, कुत्रा ठेवून घ्या म्हणाला, नाताळला बर्गनला नातेवाइकांकडे जातोय. जाळंही कुणाला तरी देऊन टाकलं म्हणे. मार्गिट, या बेटाचं टपाल माझ्या हातून जातं. आपला हाल्वार समुद्रात गेला आणि आइलर्ट एकटा परत आला, त्याला जानेवारीत नऊ वर्षं होतील. या नऊ वर्षांत त्याला एकही पत्र आलेलं नाही. बर्गनमध्ये त्याचं कुणी नाही. माणूस कुत्रा का देऊन टाकतो? मला जे वाटतंय ते कागदावर लिहवत नाही.

त्याला नाताळला आपल्याकडे जेवायला बोलवावं असं मनात आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. तुला काय वाटतं ते लगेच कळव.

तुझी माया असू दे.
तुझी ताई,
ओलाउग


बर्गन
१३ डिसेंबर

ती. ताईस सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नाही.

दोघं एका होडीत गेले. एक आला. कसं झालं, विचारलं तर मान खाली. आईच्या दारात येऊन दोन शब्द बोलायचीही त्याला लाज वाटली. आई नऊ वर्षं देवळात आपली जागा सोडून खांबाआड बसते, त्याची पाठ दिसू नये म्हणून. आणि त्याला तू तिच्या समोर बसवून वाढणार? भाऊ असून हाल्वारने मला शाळेत घातलं, गमबूट आणून दिले, वडिलांची उणीव भासू दिली नाही. तुला लोकांचं भलं करायचंय, तर बेटावर म्हातारी माणसं काय कमी आहेत? घाल त्यांना जेवायला.

स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. तो येणार असेल तर मी येणार नाही.

आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. लोभ कमी करू नये.
तुझी,
मार्गिट


ग्रोहोल्म
१८ डिसेंबर

चि. मार्गिट, अनेक आशीर्वाद.

राग नाही मानला. तुझं पत्र उशीखाली ठेवून एक दिवस गप्प बसले. दुसऱ्या दिवशी आइलर्टच्या घराच्या धुराड्यातून धूर दिसेना, मग राहवलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. घर असं झाडलेलं, जणू कुणी राहतच नाही. शेगडी थंड. बिछाना गुंडाळलेला, ताटली पालथी, आणि किल्ली बाहेर खिळ्याला, पटकन दिसेल अशी. तो कोट घालून खिडकीत बसला होता. मी सरळ विचारलं, आइलर्ट, तू जीव द्यायला निघालायस का? तो नाही म्हणाला नाही. मी तिथेच बसले आणि आधी शेगडी पेटवली. मग दुकानातून कुत्रा आणून त्याच्या मांडीवर टाकला आणि म्हटलं, हा तिथे अन्नाला शिवत नाही, दुकानदार वैतागलाय, नाताळपर्यंत तूच सांभाळ. हे खरंच होतं गं, नुसती बतावणी नव्हती.

चोवीस तारखेला पाचची घंटा झाली की जेवायला ये, म्हटलं. तर म्हणतो, माझं तोंड बघून काकूंच्या घशाखाली घास उतरणार नाही. म्हटलं, ते काकूंचं काकू बघतील.

रोज सकाळी टपालाची पिशवी घेतली की आधी त्याच्याकडे जाऊन येते. दार उघडेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. पाळकसाहेबांनाही सांगितलंय, ते संध्याकाळी जातात. आईला सांगायचा धीर होत नाही. मार्गिट, प्रभूचा जन्मदिवस गोड खाऊन साजरा करायचा आणि हा तिकडे असा, हे मला जमायचं नाही. तू ये गं.

वाट बघते.
ओलाउग


बर्गन
२१ डिसेंबर

ती. ताईस सलाम.

तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. त्याचं काही बरंवाईट व्हावं असं मी कधीच म्हटलं नाही. त्याला सांभाळ. पण त्याच्यासोबत एका टेबलावर बसणं मला शक्य नाही. नाताळला मला कामावरून सुट्टी मिळाली नाही, असं आईला सांग. खोटं आहे, पाप माझ्या माथी.

मार्गिट


ग्रोहोल्म
२६ डिसेंबर

चि. मार्गिटला आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी तेवीसच्या बोटीने आली, तू नाही आलीस. आईला सुट्टीचं सांगितलं. तिने तुझी खुर्ची भिंतीला लावली.

चोवीसला बर्चच्या झाडाच्या काड्यांवर खारं मटण वाफेला ठेवलं. पाचची घंटा वाजली. सव्वापाच झाले, साडेपाच झाले, तो येईना. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय काय आलं ते देवालाच ठाऊक. शेवटी कोट चढवला. आईने विचारलं, कुठे? मग सगळं सांगून टाकलं, कुत्र्यापासून किल्लीपर्यंत. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती उठली, बुटांना बर्फावरचे काटे लावले आणि म्हणाली, कंदील तू धर, मला दिसत नाही.

तो गुडघा घेऊन ती टेकाड चढली, गं. पाळकसाहेब घंटेच्या आधीच त्याला बघून आले होते, असं मी स्वतःला समजावत होते.

तो होता. रविवारचे कपडे घालून, एका पायात बूट, दुसरा हातात. तसाच तासभर बसलेला. आईला बघून उभाही राहता येईना त्याला. आई त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, माझा हाल्वार कसा गेला ते सांग. नऊ वर्षांत हे विचारायला मी आले नाही, ती माझी चूक.

त्याने सांगितलं. होडी उलटल्यावर दोघं तिच्या पाठीवर चढले. हाल्वार घसरायला लागला तेव्हा आइलर्टने त्याचं मनगट धरलं. दोन तास धरलं. हाल्वार आधी बोलत होता, मग नुसता गुणगुणत होता, मग तेही थांबलं. आणि मग आइलर्टच्या बोटांत जोरच उरला नाही. मीच सोडला हो काकू, म्हणाला, मीच सोडला. हे कुठल्या तोंडाने सांगायला येऊ?

मी देवाचा धावा करत होते. मग तिने विचारलं, दोन तास? तो म्हणाला, हो. तेव्हा आईला रडू फुटलं. म्हणाली, अरे, इतकी वर्षं मी डोळे मिटले की माझं पोर त्या पाण्यात एकटंच दिसायचं. तू होतास त्याच्यापाशी.

मग डोळे पुसून म्हणाली, घाल तो बूट, मटण करपत असेल.

करपलं होतंच. तिघांनी तसंच खाल्लं. काल देवळात आई खांबाआड बसली नाही. सगळे बघत होते. दुकानदाराची बायको बाहेर आल्यावर आइलर्टला नाताळच्या शुभेच्छा द्यायला थांबली. सगळं सुटलं असं म्हणत नाही. तो रात्री झोपत नाही. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब त्याला डॉक्टरकडे नेतायत. पण किल्ली आता दाराच्या आतल्या बाजूला आहे.

तुझ्यावर कुणाचा राग नाही. माया आहे तशीच आहे.
ताई


बर्गन
३० डिसेंबर

ती. ताईस सप्रेम सलाम, वि. वि.

चोवीसला मी खोलीत एकटी होते. घरमालकीण मुलीकडे गेलेली. पाव कापला, खाल्ला नाही. शेजारच्या घरातली गाणी भिंतीतून ऐकू येत होती आणि मला कुणीही काही विचारणार नव्हतं. एका संध्याकाळीच जीव नकोसा झाला. याआधी त्याच्या अशा आठ झाल्या. हे मला तेव्हाच सुचलं होतं, पण तुझं पत्र येईपर्यंत कबूल करवलं नाही. दोन तासांचं वाचलं आणि धुलाईखान्यातच खाली बसले.

शनिवारच्या बोटीने येते. मुकादमीण कुरकुरली, कुरकुरू दे. आईला थंडीत धक्क्यावर आणू नकोस, आणि तूही येऊ नकोस. आइलर्टला पाठव. त्याने मला शेवटचं बघितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आता मला ओळखणार नाही कदाचित. हिरवी टोपी घातलीय म्हणून सांग. त्याच्याशी काय बोलायचं ते मला माहीत नाही. माझी बॅग त्याच्या हातात देईन, आणि घरापर्यंत चालत येऊ.

तुझीच,
मार्गिट