हमासे देवळातील होशिमारू घोड्यास घाटापलीकडे न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
आरोग्य व स्वच्छता विभाग,
कागेउरा नगर कार्यालय.

विषय : हमासे देवळाच्या तबेल्यातील घोडा आहे तेथेच राहू देण्याबाबत व त्यासंबंधीच्या निवेदनावर सही करता येत नसल्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. आरोग्य/१४२, दि. ३० मे.

महोदय,

मी खाली सही करणारी शिगे ओकिझावा, वय ७८, धंदा पूर्वी मासळी वाळवण्याचा, सध्या काही नाही, सविनय सादर करते की,

१. आपले वरील पत्र मिळाले. होशिमारू या घोड्यास २० जूनपूर्वी घाटापलीकडच्या सरकारी गोठ्यात हलवावे, आणि 'हा घोडा टाळ्यांचा आवाज ऐकून सर्कशीतील सवयीने वाकतो, त्यात दैवी काही नाही' अशा निवेदनावर मी सही करून द्यावी, असे त्यात म्हटले आहे. आमच्या देवळाला कायमचे पुजारी नाहीत. ते सणापुरते शेजारच्या गावाहून येतात. घोड्याचे दाणापाणी मीच पाहते, म्हणून पत्र माझ्या नावे आले असावे. त्याबद्दल तक्रार नाही.

२. घोडा देवळात कसा आला हे आपल्या कागदांत दिसत नाही, म्हणून लिहिते. तेवीस वर्षांपूर्वी बंदरावर सर्कस लागली होती. शेवटच्या खेळात होशिमारूचा पुढचा पाय मुरगळला. घोडे शिकवणारे गेन्झो नावाचे गृहस्थ त्याला घेऊन देवळात आले. आमच्या तबेल्यात देवाचा लाकडी घोडा होता, तो वाळवीने खाल्ल्यामुळे जागा रिकामीच होती. गेन्झो म्हणाले, "आजी, याला मारायला सांगतायत. तुमच्या देवाला घोडा नाहीच, तर हा घ्या." मी त्या वेळी पंचावन्न वर्षांची होते, तरी ते आजी म्हणाले. मी घोडा ठेवून घेतला.

३. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीवाल्या ओत्सुनाबाई दर्शनाला आल्या. रीतीप्रमाणे दोनदा वाकल्या, दोनदा टाळ्या वाजवल्या. तबेला देवासमोरच आहे. टाळ्या होताच होशिमारूने गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावले. ओत्सुनाबाई तिथेच पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "शिगे, माझा नवरा चाळीस वर्षांत एकदा वाकला नाही गं. आणि हे बघ." दुपारपर्यंत गावात वार्ता गेली की हमासे देवाकडे धर्म पाळणारा घोडा आला आहे.

दोन टाळ्यांवर वाकायला गेन्झोंनी शिकवले होते हे मला त्याच दिवशी ठाऊक होते. एक गाजर देऊन ते मला करूनही दाखवले होते. मी ओत्सुनाबाईंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुला कोणी शिकवलं? पोटातून शिकून आलीस?" माझ्या आईने, वाकले की लाल घेवड्याचा लाडू देऊन शिकवले होते. 

४. पुढे कोळी लोक होड्या काढण्यापूर्वी तबेल्यासमोर टाळ्या वाजवू लागले. एका सप्टेंबरात घोडा वाकला नाही, म्हणून होड्या निघाल्या नाहीत, आणि दुपारी वादळ आले. त्या दिवशी घोडा झोपला होता. मी बंदरावर जाऊन तसे सांगितले. कोणी ऐकले नाही. परीक्षेची मुले, लग्न ठरलेल्या मुली, गुडघे दुखणारी माणसे, सगळी येऊ लागली. मी मुलासाठी, तो दूरच्या समुद्रावर जहाजात असतो, रोज सकाळी कमानीपासून गाभाऱ्यापर्यंत शंभर फेऱ्या अनवाणी घालते. त्यामुळे मला नि घोड्याला एकमेकांचे तोंड दिवसातून दोनशे वेळा दिसते. मी कोणाला त्याच्याकडे पाठवले नाही आणि कोणाला अडवलेही नाही.

५. आता १२ मे रोजीच्या घटनेविषयी. आपल्या विभागातील कारकून श्री. तोगावा मापाची पट्टी घेऊन तबेल्याच्या पाहणीस आले. ते मागच्या बाजूस, लिदीच्या ढिगाजवळ उभे राहून लिहीत होते. दिवस डासांचे आहेत. त्यांनी एका डासावर टाळी मारली, तो सुटला, म्हणून दुसऱ्यांदा मारली. तेवढ्यात होशिमारू देवाकडे पाठ करून पूर्ण वळला, श्री. तोगावांसमोर गुडघे टेकून वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला. अंगणात सात बायका तण काढत होत्या. सातही जणींनी पाहिले.

देवाकडे पाठ करून तो तेवीस वर्षांत कधी वाकला नव्हता, हे मला नाकारता येत नाही.

६. त्यानंतर आपल्या कार्यालयात जे झाले त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. श्री. तोगावांच्या खिडकीवर संत्री, भाताचे गोळे व साकेच्या बाटल्या ठेवल्या जाऊ नयेत, खिडकीला गवताचा पवित्र दोर बांधला जाऊ नये, व दाखला घेण्यापूर्वी टाळ्या वाजवू नयेत, असे मी घरोघरी जाऊन सांगितले. ओत्सुनाबाईंचा नळजोडणीचा अर्ज श्री. तोगावांनी फेटाळला, तेव्हा त्या डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी नाही म्हटलं, म्हणजे पाण्यातच काहीतरी वाईट असणार." त्या रांगेत श्री. तोगावांच्या मातोश्रीही होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन समजावले. त्या म्हणाल्या, "घरी नुसता लोळत असतो हो. पण घोड्याला काही दिसलं असेल, तर आपण कोण?"

सरकारी कामात अडथळा आला हे आपले म्हणणे खरे आहे. श्री. तोगावा रडकुंडीला आले आहेत हेही मी पाहिले. ते चांगले गृहस्थ आहेत.

७. तथापि घोड्याचे वय २९ आहे. घाटातून गाडीने तीन तास लागतात. प्रवासयोग्यता पाहण्यासाठी आपण पाठवलेले पशुवैद्य डॉ. निवा २ जून रोजी आले होते. पाय, दात, छाती तपासून झाल्यावर त्यांनी घोड्याच्या मागे उभे राहून बादली आपटली. नंतर दोन बादल्या एकमेकींवर आपटल्या. शेवटी मला म्हणाले, "आजी, याला देवळाचा नगाराही ऐकू जाणार नाही. निदान तीन वर्षं ठार बहिरा आहे. समोर कोणी हात जोडलेले दिसत असतील, म्हणून वाकत असेल." मी हो म्हटले. मग त्यांनी विचारले, "पण मग तोगावासमोर? तो तर मागे होता ना?" मी त्यांना चहा दिला.

८. यावरून आपल्या लक्षात येईल की आपण पाठवलेल्या निवेदनावर मला सही करता येत नाही. घोडा टाळ्या ऐकून वाकतो, असे त्यात आहे. डॉ. निवा येईपर्यंत मी सही केली असती, कारण मलाही तसेच वाटत होते. आता मला माहीत आहे की तो ऐकत नाही. पती वारल्यापासून खोटे बोलायचे नाही व लिहायचे नाही असा माझा नेम आहे. एकोणीस वर्षे तो मोडलेला नाही. आपल्यासाठीही मोडता येणार नाही, याचे वाईट वाटते.

९. आपल्या पत्रानुसार मी सही न दिल्यास १५ जून रोजी नगर सभागृहात जाहीर सुनावणी होईल. अशा सुनावणीत प्रत्येक कागद मोठ्याने वाचण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात डॉ. निवांचा दाखलाही वाचावा लागेल. गावातली सगळी माणसे येणार आहेत, कोळी त्या दिवशी होड्या काढणार नाहीत. बहिरा घोडा पाठीमागच्या श्री. तोगावांपुढे कशाने वाकला, असे कोणीतरी मला विचारेल. मला ठाऊक नाही, एवढेच खरे उत्तर मी देईन. श्री. तोगावांच्या खिडकीसमोरची रांग सध्या जिन्यापर्यंत असते. त्यानंतर ती कोठवर जाईल हे मी सांगू शकत नाही, पण आपली स्वतःची खिडकी त्यांच्या शेजारीच आहे.

१०. घोड्याचा विषय आपण बंद केल्यास सुनावणी होणार नाही आणि कागद वाचला जाणार नाही. होशिमारू दोन-तीन वर्षांहून अधिक जगेल असे डॉ. निवांना वाटत नाही. तेवढे दिवस त्याने देवासमोर काढावेत, एवढीच विनंती आहे. त्याच्या लिदीची विल्हेवाट मी रोज सकाळी सहाच्या आत लावीन. श्री. तोगावा हे साधे कारकून आहेत असे बायकांना रोज सांगत राहीन, ते मला नेम न मोडता सांगता येते. आणि बहिरेपणाबद्दल मला कोणी विचारले तर लपवता येणार नाही. आजपर्यंत कोणी विचारलेले नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहत, फेऱ्या संपल्यावर रोज दहानंतर घरीच असणारी,

आपली नम्र,
शिगे ओकिझावा
कागेउरा, दि. ६ जून, हेइसेइ ६ (सन १९९४)

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) सही न केलेले निवेदन, परत.
३) डॉ. निवा यांचा दाखला, बंद पाकिटात. हे पाकीट कृपया श्री. तोगावा यांच्या मातोश्रींसमोर उघडू नये.