झिंग्यांच्या तळ्यावरची अकरा माणसं

११ नोव्हेंबर

फोन केला. बाने करायला लावला.

आमच्या तांड्यातली अकरा माणसं आंध्राच्या किनाऱ्यावर आहेत, झिंग्यांच्या तळ्यांवर कामाला. बानेच नेऊन सोडली—मुकादम ना तो! तिकडे आज मोठ्या वादळाचा इशारा आहे. गावातल्या कोळ्यांना गाड्यांत घालून पक्क्या इमारतीत नेताहेत. आपली माणसं विचारत होती, आम्हीही जाऊ का? मालक म्हणे, कोणी हलायचं नाही. पाण्यात हवा सोडणारी चक्रं थांबली की झिंगे मरतात.

"तू सांग. तुह्यं ऐकतात ते," बा म्हणाला. मी त्यांच्यातल्या देवसिंगला सांगितलं—थांबा, मालक गाडी पाठवतो आहे.

गाडीचं बाने सांगितलं होतं. खरं का, ते मी विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

एकाचाही फोन लागत नाही.

१३ नोव्हेंबर

टीव्हीवर दाखवलं. होड्या डांबरी रस्त्यावर येऊन पडल्यात. विजेचे खांब आडवे. एक कोळीण नुसती दाराची चौकट धरून उभी—मागे घरच नाही!

बा मटण खात पाहत होता. म्हणे, "झिंगे वाहून गेले असतीन. मालकाचं लय नुकसान झालं." हाड चोखत! अकरा माणसांचं नाव नाही तोंडात. मी ताटावरून उठले, मोरीत जाऊन ओकले. याडी, माझी आई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती बाला कधीच काही बोलत नाही. आज तिचाही राग आला.

१४ नोव्हेंबर

अकरांतल्याच प्रेमसिंगचा फोन, कोणाच्या तरी मोबाईलवरून. दहा जण जिवंत आहेत. देवसिंग नाही.

१६ नोव्हेंबर

देवसिंग सापडला. झाडांच्या मुळ्यांत अडकलेला.

त्याच्या बायकोला, सुरभीला, सांगायला बा गेला नाही. "माही तब्येत ठीक नाही," म्हणे. दुपारी दोन भाकरी खाऊन झोपला.

१८ नोव्हेंबर

काल देवसिंगला आणलं, आणि ते दहाही आले. क्रियाकर्म झालं. सुरभी रडली नाही, गाडीच्या मागच्या दाराकडेच बघत राहिली. लग्नाला अजून दोन वर्षं पण नाही झाली तिच्या.

आज प्रेमसिंगकडे गेले. पाय नुसते सुजून पांढरे पडलेत, बोटांमधली कातडी गेलीय. सांगत होता—पत्र्याचं शेड पहिल्याच झपाट्यात उडालं. समुद्राचं पाणी छातीपर्यंत आलं. करंट उतरेल म्हणून देवसिंग मोटर बंद करायला गेला. मोटर बंद झाली. तो आला नाही.

"सकाळी एका कोळणीनं आमाले भात देल्ला. तिचं घर गेलं, होडी गेली, हिरीत खारं पाणी. तरी देल्ला! तिची बोली आमाले समजे ना. घडीघडी त्या पक्क्या इमारतीकडे बोट दाखवे. इतकी जवळ होती, बबिता—तुह्या घरापासून शाळा आहे ना, तितकी."

"मग गेले काहून नाही?" मी विचारून बसले.

तो म्हणाला, "तूच म्हणलं ना, थांबा. हरिसिंग मुकादमाच्या शब्दावर एक माणूस थांबला नसता. तू खोटं बोलत नाही म्हणून थांबलो."

२० नोव्हेंबर

बा पांढरा शर्ट घालून सुरभीकडे गेला. कागद घेऊन. मालकाने पाठवलाय. त्यात लिहिलंय—जायला सांगूनही देवसिंग आपल्या मर्जीने थांबला. त्यावर सुरभीची सही पाहिजे.

मी दारात उभी होते. बा तिच्यासमोर रडला. खरंखुरं पाणी डोळ्यांत! तिने कागद हातात घेतला नाही. बाहेर निघाला आणि वाटेतच मालकाला फोन—"होऊन जाईन साहेब, बाई साधी आहे." हसला पण.

शी! याच माणसाच्या खांद्यावर बसून मी बाजार पाहिलाय.

घरी येऊन म्हणे, "उद्या तू जाय. तुह्यं ऐकते ते."

२१ नोव्हेंबर

गेले. कागद नेला नाही.

सुरभीला सगळं सांगितलं. फोन कोणी केला, गाडीचं कसं खोटं होतं. वाटलं, तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पदराने उंबरा पुसला आणि मला बसायला सांगितलं.

"त्यानं मले फोन केलता तवा," म्हणाली. "म्हणे, बबिता म्हणते गाडी येते. तू काळजी नोको करू."

मग तिने विचारलं, "हे ठाण्यात सांगशीन?"

२२ नोव्हेंबर

बाभुळगावला ठाण्यात जबाब दिला. मालकाचं नाव, बाचं नाव, माझं नाव. हवालदार दोनदा म्हणाला, "स्वतःचं कायले टाकते?" टाकायला लावलं.

घरी आले तर अंगणात माझी पेटी. म्हटलं—झालं, काढलं घराबाहेर.

पेटीशेजारी याडीचं गाठोडं होतं. याडी चपला घालून उभी.

"चाल," म्हणाली.