हाणण्याचं खातं

प्रिय शेंडेफळा,

फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हे पत्र. पत्राला 'नंतर करतो' म्हणता येत नाही. गाडी विकायचा तू सही करून पाठवलेला कागद मिळाला. सोबतची तुझी चिठ्ठीही मिळाली: 'ताई, भंगारात दे, मला त्यातलं काही नको.' बाबांनी गाडी आपल्या दोघांच्या नावावर ठेवली याचा तुला जेवढा राग आला, तेवढंच मला हसू आलं. लहानपणी आपण दोघं डाव्या खिडकीवरून भांडायचो आणि बाबा ओरडायचे. जाताना मात्र ती खिडकी त्यांनी दोघांत मिळून ठेवली, बसा भांडत म्हणून. पण अरे, भंगारात द्यायची म्हटली तरी बाईसाहेब जागच्या हलायला हव्यात ना? त्या सुरूच होत नाहीत. तेव्हा आधी कामाचं विचारून घेते. बाबा 'हाण!' म्हणाले की तू बॉनेटखाली नेमकं कुठे हाणायचास?

एवढी घाई का, तर इमारतीच्या समितीने जिन्याखाली नोटीस लावली आहे. महिनाअखेरीपर्यंत गाडी चालती करा, नाहीतर आम्ही उचलून नेऊ. नोटिशीत त्यांनी 'बेवारस वाहन' असं लिहिलं होतं. आईने ते वाचलं आणि भाजीची पिशवी हातात तशीच धरून थेट सेक्रेटरींच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बेवारस कशी? चांगले दोन वारस आहेत तिला. एक इथेच आहे आणि एक मीटिंगमध्ये आहे." सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी तो शब्द खोडला, तारीख मात्र तशीच ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय आहे, दुरुस्त करायची की द्यायची. तुझे भाऊजी म्हणतात द्यायची. मी सकाळी द्यायची म्हणते आणि संध्याकाळी दुरुस्त करायची. आई काहीच म्हणत नाही, आणि आई काही म्हणत नाही तेव्हा मला धडकी भरते.

तुला आठवतात ना आपली खाती? बाबांनी गाडी सुरू करण्याचं अख्खं मंत्रिमंडळ बनवलं होतं. किल्ली बाबांकडे. आईकडे चोक, म्हणजे ती खुंटी दोन्ही हातांनी बाहेर ओढून धरायची आणि गाडी सुरू होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, कारण बोलण्याने म्हणे इंजिन बिचकतं. माझ्याकडे धूर. मी मागे उभी राहून 'पांढरा!' किंवा 'काळा!' असं ओरडायचं. आणि तुझ्याकडे हाणण्याचं खातं, सगळ्यांत मानाचं. स्वयंपाकघरातला तो लांब दांड्याचा लाकडी चमचा घेऊन तू बॉनेटच्या आड गडप व्हायचास, आणि मला मागून फक्त तुझ्या चड्डीखालचे काटकुळे पाय दिसायचे. बाबा 'हाण!' म्हणाले की आधी दोनदा ठक्‌ठक्‌, मग जरा थांबून एकदा ठक्‌, की बाईसाहेब खाकरून जाग्या व्हायच्या. मला तुझा केवढा हेवा वाटायचा म्हणून सांगू! मी धुराकडे बघत डोळे लाल करून घ्यायची आणि कौतुक सगळं तुझं. पण तू कुठे हाणायचास हे आम्हां तिघांपैकी कुणीही कधी पाहिलं नाही. बॉनेट वर असायचं ना.

तर गेल्या रविवारी आम्ही स्वतःच प्रयत्न करायचं ठरवलं. भाऊजींनी नवी बॅटरी आणून बसवली आणि फोनवर कसले कसले व्हिडिओ बघून घेतले. त्यांना आयुष्यात सायकलची पडलेली चेन बसवता आलेली नाही, पण चमचा हातात आल्याबरोबर ते थेट इंजिनिअरच झाले. मी किल्लीवर, आई शेजारी चोक धरून. मी किल्ली फिरवली की आतून नुसतं 'टक' व्हायचं. मी 'हाण!' म्हणायची, आणि भाऊजी दिसेल त्यावर हाणत सुटायचे. एका फटक्याला हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. बाल्कन्या भरल्या. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तिथूनच सल्ले द्यायला सुरुवात केली. भाऊजी पेटले, मी पेटले, आणि बराच वेळ नुसती हाणाहाणी चालली. शेवटी चमच्याचं डोकं तुटून शेजाऱ्यांच्या तुळतुळीत गाडीवर पडलं तेव्हा आम्ही थांबलो. मग आईने शांतपणे चोक सोडला, पदराने हात पुसले आणि मला म्हणाली, "हॉर्न वाजायला लागल्यापासून तू किल्लीच फिरवली नाहीस." मी किंचाळले, अगं मग तेव्हाच नाही का सांगायचं! तर म्हणते, "सुरू होईपर्यंत बोलायचं नाही, असा नियम आहे."

मी तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटले, आणि हसता हसता मला तो तुझा दिवस आठवला. तू पहिली नवी कोरी गाडी घेऊन दारात आला होतास. बाबांच्या हातावर किल्ली ठेवलीस. तुला वाटलं होतं ते हरखून जातील. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, सीटवर बसून पाहिलं, बटण दाबलं, गाडी निमूट सुरू झाली आणि ते म्हणाले, "हिला हाणावं लागत नाही होय? मग आपण सगळ्यांनी काय करायचं?" तू त्यात चेष्टा ऐकलीस. तू म्हणालास, तुमचं भंगार कवटाळून बसा. मग ते बोलले, मग तू बोललास, आणि ती नवी गाडी आली तशी परत गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आपल्याकडे तर दोन सुंभ होते आणि दोघांचे पीळ एकाच गिरणीतले. मला दोघांचाही राग आला होता, अजूनही येतो. तू त्यानंतर आलास तो बाबा गेल्यावरच. चार दिवस राहिलास, सगळं नीट केलंस, आणि निघताना गाडीच्या बाजूने न जाता मागच्या फाटकाने गेलास. आई खिडकीत उभी होती. तिने पाहिलं.

असो. चमचा तुटल्यावर मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. हा माणूस तुला आवडेल, कारण तो कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो. मी विचारलं, गाडी चालेल का? तो म्हणाला, "कुठपर्यंत?" मी विचारलं, दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? तो म्हणाला, "कुणासाठी?" भाऊजींनी आपल्या अभ्यासाप्रमाणे पेट्रोलच्या नळीत कचरा असल्याचं सांगितलं. त्याने विचारलं, "तुमचा व्यवसाय काय?" भाऊजी शिक्षक आहेत म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि कामाला लागला. आई खूश. इतक्या वर्षांनी तिला असा माणूस भेटला जो भाऊजींना दोन शब्दांत गप्प करतो.

त्याने बाईसाहेबांचं बरंच काही मार्गी लावलं. डावं दार आता आतूनही उघडतं, म्हणजे यापुढे उतरण्यासाठी काचेतून हात बाहेर काढून रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारावी लागणार नाही. मागच्या सीटच्या पायाखालचं भोक पत्र्याने बंद केलं. त्या भोकातून तू माझी कंगवा-पेटी रस्त्यावर सोडली होतीस, हे मी विसरलेले नाही. वेगाचा काटा अजून चाळीसवरच आहे, गाडी उभी असली तरी. तेल थोडं गळतं, त्याला वेळ लागेल म्हणाला. तोवर जमिनीवर डाग पडू नयेत म्हणून आईने खाली एक कागद अंथरला आहे. तो कोणता कागद हे मी दुसऱ्या दिवशी वाकून पाहिलं. तुझी सही अर्धी तेलात बुडाली आहे. मी आईला म्हटलं, अगं, हा विक्रीचा कागद! ती म्हणाली, "चांगला जाड होता."

आता खरं सांगते. वर तुला विचारलं ना, कुठे हाणायचास म्हणून? ते मला काल कळलं. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरचे, म्हणजे स्टार्टरचे, कार्बन झिजलेत, बाहेरून ठोका दिला की तेवढ्यापुरते चिकटतात आणि गाडी उठते, नवे टाकले की ठोकायची गरजच नाही, अगदी किरकोळ काम आहे. आणि मग जरा रागानेच आईला म्हणाला, "हे मी साहेबांना तेव्हाच सांगितलं होतं. ऐकलं का त्यांनी?" तू गेलास त्याच वर्षी बाबांनी त्याला बोलावलं होतं, रे. आम्हांला दोघींनाही माहीत नव्हतं. त्याने हाच दोष सांगितला, सामान खिशातच होतं, लगेच बसवतो म्हणाला. बाबा म्हणाले, "ते राहू द्या. ते खातं मुलाकडे आहे. तो आला की बघेल." याला वाटलं मुलगा दोन-चार दिवसांत येणार असेल. त्यानंतर बाबा बसने जायला लागले. विचारलं की म्हणायचे, गाडीला आराम हवा. दर रविवारी तिला पुसायचे आणि आत बसून पेपर वाचायचे, आई खाली चहा घेऊन जायची. आम्हांला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. हट्टी होताच. पण तो तुझी वाट पाहत होता, आणि हे तुला सांगण्याइतकी वाकायची त्याची तयारी नव्हती. मी जिन्यावर बसून रडले. अगदी मोठ्याने रडले, भाऊजींनी पाणी आणून दिलं.

आई रडली नाही. ती गॅरेजवाल्याला म्हणाली, बाकी सगळं करा, तेवढं सोडून. त्याने विचारलं, "म्हणजे गाडी सुरू होऊ द्यायची नाही?" आई म्हणाली, होईल की, ज्याचं काम आहे तो आल्यावर. तेव्हा कुठे हाणायचं ते मला आता ठाऊक आहे, भाऊजींनाही ठाऊक आहे, आणि आम्ही दोघं ते साफ विसरलो आहोत. तू पत्राने कळवू नकोस, फोनवरही सांगू नकोस. महिनाअखेरीच्या आधी एक रविवार येतो, त्या दिवशी ये. त्यानंतर ती विकायची असेल तर विकू, मी मुकाट सही करीन, पण एकदा सुरू करून. धुरावर मी उभी राहते. चोक भाऊजींकडे दिला आहे, त्यांना गप्प बसायची सवय लागली तर माझाही फायदा आहे. चमचा नवा आणला, लांब दांड्याचा. आणि किल्ली आईने स्वतःकडे घेतली. एवढी वर्षं गाडी सुरू होईपर्यंत तोंड मिटून बसलेली बाई, कालपासून स्वयंपाकघरात 'हाण!' म्हणायचा सराव करते आहे. आवाज चांगला खणखणीत लागतो, वरच्या काकांनी दोनदा खाली येऊन चौकशी केली. पण दर वेळी 'हाण!' म्हटलं की ती जरा थांबते आणि ठक्‌ ऐकू येतंय का ते बघते.

तुझीच,
धूरखात्याची
ताई