माझ्या कंदिलाला कुंकू

दि. ३ मे १९७८
पाटणला जाऊन पंचायतीच्या बायकांच्या जागेचा फॉर्म भरला. दहा वर्षं त्या जागेवर सरपंचाची भावजय लीलाबाई. एका मीटिंगला गेली न्हाई. रजिस्टर घरी येतं, ही चुलीपुढं बसून अंगठा उठवते. नळ मात्र वरच्या आळीला, हिच्या दारात. आमी खालच्या आळीच्या बायांनी हंडे घेऊन चढ चढायचा. आता बघतेच. मी दुसरी पास हाय, सही करीन.

दि. ९ मे
निशाण्या मिळाल्या. मला कंदील, तिला छत्री. छत्री पाणी अडवते, हे कुणालाबी कळतं. निकाल इथंच लागला.

दि. १४ मे
आळीतल्या बायांना हळदीकुंकवाला बोलावलं. सुनेसकट त्र्याहत्तर. दर एकीला कुंकवाची पुडी. म्हणलं, घरात दिवा लावताना कुंकू लावता ना? मग मताच्या कागदावरचा कंदील कोरडा ठेवणार? आधी कुंकू, मग शिक्का. राहीबाई म्हणाली, व्हय की, लक्ष्मीच ती.
आमची सून सुरेखा सातवी शिकलेली. मधीच म्हणते, आत्याबाई, कागदावर दुसरं काय लागलं तर मत बाद करत्यात. म्हणलं, तुझी सातवी घाल चुलीत. लीलाबाईनं शिकवून धाडली वाटतं.
बाप्यांची मतं नकोतच. निम्मे मिल्ट्रीत, निम्मे सरपंचाच्या ओसरीवर.

दि. २० मे, सांज
मतदान झालं. मालकांच्या बोटाला मीच कुंकू लावून धाडलं. रिटायर हवालदार, ऑर्डर पाळतात. मी बूथमधी कंदिलाला हातबी जोडले. पंचाहत्तर पक्की. आमच्या आळीत नळाची जागा सारवून ठेवली.

दि. २१ मे
लीलाबाई अडतीस. बाद चौऱ्याहत्तर. मी एक.
मतमोजणीच्या साहेबाच्या टेबलावर माझे कागद लालेलाल. म्हणे, शिक्क्याशिवाय दुसरी खूण केली की बाद. मेल्याच्या घरात दिवा लागतो का न्हाई? लीलाबाई दारात उभी राहून म्हणाली, हरणाबाई, कुंकू उरलंय का गं थोडं? तिच्या तोंडाला लागले न्हाई, लोक बघत होते म्हणून.
घरी येऊन विचारलं, ते एक मत कुणाचं? सुरेखा खाली मान घालून म्हणाली, माझं, आत्याबाई. मी नुसता शिक्का मारला.
म्हंजे अख्ख्या आळीत एकीनंच माझं ऐकलं न्हाई, आणि तीबी माझ्याच घरातली! उद्यापासनं वरच्या नळाचं पाणी हीच आणणार. आणि पुढच्या खेपेला हिला बूथवर न्यायचीच न्हाई.