नऊ नोव्हेंबरची वाडी

मी, श्रीमती वसुंधरा चंद्रहास केनी, वय वर्षे शहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी गेल्यावर पहिली शंका तिथेच काढली जाईल, आणि कोण काढेल तेही मला ठाऊक आहे. मजकूर मी सांगितला, वकिलांनी टाइप केला, नंतर मी ओळन् ओळ तपासली. दोन ठिकाणी त्यांनी माझी वाक्ये सुधारली होती, ती पुन्हा होती तशी करून घेतली. याआधीचे माझे मृत्युपत्र म्हणून कुणी काही पुढे केले तर ते खोटे समजावे.

१. माझे पती वारले तेव्हा त्यांनी घर व वाडी मृत्युपत्राने माझ्या एकटीच्या नावे केली. आमचा एकुलता एक मुलगा सुमेध सैन्यात शिपाई होता. जुलै १९९९ मध्ये कारगिलला तो कामी आला. त्याचे लग्न झाले नव्हते. दिरांचा मुलगा प्रितेश, राहणार आचोळे, याचा माझ्या मिळकतीवर कायद्याने कसलाही हक्क नाही. आपला हक्क आहे असे तो चारचौघांत सांगतो, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

२. प्रितेशबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल. दरवर्षी चौकात सुमेधच्या स्मारकापाशी कार्यक्रम होतो, तिथे हा भाषण करतो. सुमेधदादा लहानपणी लाकडी बंदूक उशाशी घेऊन झोपायचा, असे त्याने गेल्या वर्षी सांगितले. आमच्या घरात लाकडी बंदूक कधीच नव्हती. सुमेध रेडिओ उघडून बसायचा, आणि परत जोडल्यावर दोन स्क्रू उरायचे. सैन्यभरतीला तो मित्राला सोबत म्हणून गेला होता. मित्र छातीच्या मापात नापास झाला आणि हा पास. घाबरत घाबरत येऊन मला म्हणाला, "आई, आता काय करू?" मी म्हटले, जा. एवढीच खरी गोष्ट आहे, आणि मला ती पुरते. मला त्याची आठवण येते, रोज येते, त्यासाठी बंदूक लागत नाही.

हाच प्रितेश वैशाखात एका बिल्डरला घेऊन आला. "काकू, वाडीत टॉवर करू, 'शहीद सुमेध हाइट्स' नाव देऊ. दादाचं नाव राहील." बिल्डर मान खाली घालून उभा होता, पण नजर विहिरीपासून कुंपणापर्यंत माप घेत होती. परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून मी आयुष्यभर पोरांच्या नजरा पाहिल्या आहेत, मला कळते. मी प्रितेशला विचारले, "सुमेधचा वाढदिवस कधी असतो रे?" तो म्हणाला, "एक जून. शिळेवर कोरलाय की. त्याच दिवशी भूमिपूजन करू." त्याला माझे लोखंडी कपाट द्यावे, रिकामे. सुमेधचे नाव कोणत्याही इमारतीला, दुकानाला वा गाळ्याला देण्यास मी स्पष्ट मनाई करीत आहे.

३. बँकेतील सर्व ठेवी भागूबाईला द्याव्यात. ती वाडीत तीस वर्षे काम करते आहे. मी विचारले तर म्हणाली, "माला काय नको बाई, फक्त विहिरीचं पानी नेऊ द्या." काही नको म्हणणाऱ्या माणसांचा मला फार संशय येतो, तरी हिच्यात काही सापडले नाही. तिला हयातभर पाणी नेऊ द्यावे.

४. सुमेधचे पदक त्याच्या पलटणीकडे परत द्यावे. शाळेला देणार होते, पण शाळेतली कपाटे मला माहीत आहेत.

५. आता मुख्य बाब, केळीची वाडी व घर.

सुमेधचा जन्म नऊ नोव्हेंबर १९७६ चा. जूनमध्ये पाच वर्षे पुरी भरत नव्हती म्हणून मी शाळेत त्याची जन्मतारीख एक जून घातली. तेव्हा निम्मी शाळा एक जूनला जन्मलेली असायची. पुढे तीच तारीख सैन्यात गेली आणि तीच शिळेवर कोरली गेली. शिळेवर तो तेवीस वर्षांचा आहे. माझा मुलगा बावीस वर्षांचा होता. खरी तारीख मला, त्याच्या वडिलांना आणि सुइणीला माहीत होती. सुमेधला मी बजावले होते की ही गोष्ट बाहेर बोलायची नाही, आईची नोकरी जाईल. तो बोलणार नाही अशी माझी खात्री होती.

तो गेला त्या वर्षी नऊ नोव्हेंबरला शेजारच्या वाडीतली कॅरल ओट्यावर आली. हातात लहानसा केक. मी विचारले, "आज काय गं?" म्हणाली, "काही नाही बाई, सहज." तेव्हापासून दरवर्षी येते. मधे तिचे लग्न झाले, दोन मुले झाली. आता नवरा डेन्झिल तिला स्कूटरवर सोडतो आणि फाटकाबाहेरच थांबतो. तो आत का येत नाही, यावरही मी बरीच वर्षे संशय घेतला. वाडीवर डोळा असेल, असेही वाटले. मीही पुन्हा कधी तिला विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. केक खायचा, केळीच्या भावाबद्दल बोलायचे, झाले.

गेल्या वर्षी मी तिची परीक्षा घेतली. केक कापताना सांगितले, "वाडी प्रितेशला लिहून दिली." मी तिच्या तोंडाकडे बघत होते. सुरी थांबली. मनात म्हटले, सापडली. मग ती म्हणाली, "बाई, मग तो मला नऊ तारखेला ओट्यापर्यंत येऊ देईल ना?"

सुमेध गेल्यापासून ही तारीख मी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मला रडू आले. तिलाही आले. डेन्झिल फाटकातून धावत आला आणि आम्हा दोघींना पाणी देऊन पुन्हा बाहेर गेला.

तरीही मी एक वर्ष थांबले. वाडी हातची गेली म्हटल्यावर येते का, ते पाहायचे होते. यंदाही आली.

सबब सदर वाडी, विहीर, घर व ओटा मी सौ. कॅरल डेन्झिल लोपीस, राहणार गिरीज, यांस कायमस्वरूपी देत आहे. वाडी विकायची नाही, दरवर्षी दिवस पाळायचा, अशी अट घालण्यास वकिलांनी सुचवले. कोणतीही अट घातलेली नाही.

मिळकत घेणाऱ्याचे माझ्याशी नाते, या रकान्यात वकिलांनी 'शेजारीण' असे टाइप केले होते. ते मी स्वतः खोडून वर 'घरची' असे लिहिले आहे. ही खाडाखोड माझ्याच हातची असून तिच्याशेजारी माझी सही आहे. तिच्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. ते काम माझे पुरते करून झाले आहे.

सही: वसुंधरा चंद्रहास केनी

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी वरील मजकूर मोठ्याने वाचला व सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही, हे बाईंनी आमच्याकडून दोनदा वदवून घेतले.

साक्षीदार:
१. डॉ. ऋतिका सुमंत म्हात्रे, वसई
२. जॉयल पास्कल तुस्कानो, गिरीज

स्थळ: गिरीज, वसई
दिनांक: १८ डिसेंबर २०२५