वजन वाढलं की

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
११ मार्च २०२५

ती. वैजयंतावन्सं यांस,
गिरिजाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. समिधाच्या पत्रिकेचा नमुना पोचला. मामा म्हणून आपलं नाव छापलेलं बघून तुमचा भाऊ दोनदा चष्मा पुसत बसला.

साखरपुड्याला आम्ही आलो नाही म्हणून तुम्ही अजून फुगून बसलायत, ते कळतंय. यांना ताप होता असं मी कळवलं होतं. ताप नव्हता.

दिवाळीतलं ऑपरेशनही साधं नव्हतं. मोठ्या आतड्यात गाठ होऊन वाटच बंद झाली होती. डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं. कातडी, चरबी, स्नायू, आतला पातळ पडदा, या सगळ्यांतून भोक पाडून आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढलंय. त्यावर पिशवी चिकटवायची, शौच त्यातच. टोक लालबुंद, ओलं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. पहिल्यांदा पुसायला मी कापूस जवळ नेला आणि मागे घेतला. हे म्हणाले, "पूस गं, तिथं काही दुखत नाही." खरंच तिथे दुखत नाही.

साखरपुड्याच्या सकाळी हे नवा झब्बा घालून निघालेच होते. शेजारच्या ममताबेन दारात आल्या आणि नेमका पिशवीत आवाज झाला. त्यावर ताबा नसतो हो! यांनी झब्बा काढला आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

त्या दिवसापासून जेवण सोडलं. खाल्लंच नाही तर पिशवी भरणार नाही, हा तुमच्या हुशार भावाचा हिशेब. दिवसभर चहा आणि दोन बिस्किटं. मी भांडले, रडले, शेवटी ताट आपटलं. मग एक दिवस तोंडातून निघून गेलं, "डॉक्टर म्हणालेत, वजन वाढलं की आतडं परत आत जोडणार, पिशवी जाणार."

वन्सं, डॉक्टर असं म्हणाले नव्हते. गाठ कॅन्सरची आहे, यकृतात पसरलीय. पिशवी आता कायमची. आणि हे कायमचं दिवाळीपर्यंत तरी पुरेल का, ते डॉक्टरांनाही सांगवत नाही. यांना यातलं काही माहीत नाही.

तेव्हापासून हे जेवतायत. भाकरी, अंडी, मागून घेऊन भात. खालच्या मेडिकलमध्ये काट्यावर उभे राहून येतात आणि पोरासारखे सांगतात, "गिरिजा, वाढलं!" लग्नासाठी सफारी शिवायला टाकलीय, मापं घेताना शिंप्याला म्हणाले, "पेट के पास ढीला मत रखना, तब तक सब ठीक हो जाएगा." मी शेजारी उभी होते.

आता येत्या सोमवारी स्वतःच डॉक्टरांकडे तारीख विचारायला निघालेत. परक्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा रविवारी मीच सांगणार. फोनवर हे बोलता येईना, एका खोलीत सगळं ऐकू येतं. परवा गच्चीवरून लावला, पण तुमचा आवाज ऐकून नुसती रडले. तुम्हाला वाटलं रेंज गेली.

रविवारी सकाळीच पोचा. राग असेल तर माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको. मटण करणार आहे. आधी त्यांना पोटभर जेवू देऊ, मग सांगू. त्यानंतर ते माझ्या हातचं पुन्हा जेवतील की नाही, मला माहीत नाही.

तुमच्या भावाला खोटं बोलून जेवू घालणारी,
गिरिजा