तुम्ही दिलेला विषय

सर, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, पण तुम्ही दिलेला विषय अजून माझ्याकडेच आहे. बी.ए.चं शेवटचं वर्ष, अमरावतीतलं तुमचं स्वयंपाकघर. काकू पोहे परतत होत्या आणि तुम्ही पाटावर बसून आमच्या प्रकल्पांचे अर्ज तपासत होता. मी लिहून आणलं होतं, ‘पानठेल्यावरच्या राजकीय गप्पा’. महिनाभर रोज संध्याकाळी चौकातल्या ठेल्याजवळ उभं राहून वही भरली होती, तीही सुपारी न खाता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. “पानठेला कुठं विषय असते काय रे बाबू? तिथं लोक थुकतात.” काकू हसल्या, म्हणून मीही हसलो. तुम्ही माझी ओळ खोडून वर लिहिलंत, ‘वऱ्हाडातील सार्वजनिक वाचनालये : एक अभ्यास’. तुमचा प्रबंध वाचनालयांवर होता, आणि आपल्याकडे गुरूचा विषय शिष्याला सासरच्या आडनावासारखा लागतो. मी “हो सर” म्हणालो आणि आणखी पोहे घेतले.

एम.ए.ला तीच वाचनालये ‘चिकित्सक अभ्यास’ झाली, पीएच.डी.ला ‘तौलनिक’. आता मी अकोल्याला एका कॉलेजात या विषयाचा तज्ज्ञ आहे, म्हणजे वाचक नसलेल्या वाचनालयांचा एकुलता एक वाचक. मी आत शिरलो की ग्रंथपाल दचकून जागा होतो. चर्चासत्रांत शाल मिळते. पुस्तकांच्या कपाटाचा वास आला की मला जांभई येते, हे फक्त बायकोला ठाऊक आहे.

आज दुपारी माझ्यासमोर बार्शीटाकळीकडची एक विद्यार्थिनी बसली होती. शेवटच्या वर्षाला आता प्रत्येकाला संशोधन प्रकल्प सक्तीचा आहे आणि विषयावर मार्गदर्शकाची सही लागते. तिच्या अर्जावर लिहिलं होतं, ‘शेवटची एसटी आणि मुलींचं शिक्षण’.

“सर, आमच्याकडे साडेपाचची गाडी दोनदा चुकली का पोरीचं कॉलेजच बंद होते. माझ्या मावसबहिणीचं झालं. मले तेच लिहायचं हाय.”

“आणि संदर्भग्रंथ कोणते देशील?”

“कंडक्टरले विचारीन ना सर.”

इतकं सरळ उत्तर मी आजवर कुठल्याही चर्चासत्रात ऐकलेलं नाही. मी चष्मा कपाळावर सरकवला. तिची ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘बार्शीटाकळी तालुक्यातील वाचनालये आणि मुलींचे वाचन’.

“पण सर, आमच्या गावचं वाचनालय तर बंदच असते.”

“मग समस्यांचं प्रकरण मोठं होईल.”

ती कागदाकडे बघत राहिली. मी सही न करता पेन धरून थांबलो होतो. तिनं एकदा जरी “नाही सर” म्हटलं असतं, तर तिच्याच विषयावर सही करायची माझी तयारी होती. ती “बरं सर” म्हणाली आणि उठली. सर, त्या दिवशी तुमचाही हात असाच थांबला होता काय? मी तर पोह्यांकडे बघत होतो.

विषयांची यादी उद्या अकरा वाजता विभागातून पुढे जाते. तिचा अर्ज टेबलावर तसाच पडलाय. खोडलेली ओळ पुन्हा लिहायला अर्धं मिनिट पुरेल, आणि मी तासभर हे पत्र लिहून राहिलोय. खरं सांगतो, मी अजून तुमच्या परवानगीची वाट पाहून राहिलोय.